हातचा एक

बँकेत क्लार्क म्हणून लागलो तेव्हा आमच्या हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी दंडक घातला होता : लेजरच्या पानावर हातचा लिहायचा नाही. हातचा हातातच राहिला पाहिजे. त्यामुळे आमच्या पिढीचा डावा हात सदैव कामात असे. करंगळीच्या तिसऱ्या पेरावर अंगठा टेकलेला, म्हणजे हातचे तीन. मध्येच कुणी ‘चहा सांगू का?’ म्हणून विचारलं की बोटं सुटायची आणि पान पुन्हा वरून.

तो अंगठा परवा आपोआप पेरावर जाऊन बसला, आणि तोही इंग्लंडात.

भाची मिल्टन कीन्सला राहते. तिथून ब्लेचली जवळच. महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश जिथे फोडले, ते हे ब्लेचली पार्क. त्याच आवारात जुन्या संगणकांचं एक संग्रहालय आहे, ‘द नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग’. आवार एक, पण संस्था वेगळी आणि तिकीटही वेगळं. माझ्यातला कॅशिअर थोडा कुरकुरला.

लोक आधी धावतात कोलॉससकडे. युद्धात संदेश फोडायला बांधलेल्या त्या यंत्राची अभियंते टोनी सेल आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं खपून पुन्हा उभारणी केली. बघून छाती दडपते, नाही असं नाही. पण जुन्या वाड्याच्या जागी हुबेहूब तसाच नवा वाडा बांधला तरी उंबरा झिजलेला नसतो, तसं काहीतरी मला वाटत राहिलं. माझे पाय अडकले ते दुसऱ्या दालनात.

तिथे अडीच टनांचं एक धूड खडखडत होतं. हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली सुरू झालेला हा संगणक, आणि अजून चालतो. मूळ रूपात चालणाऱ्या डिजिटल संगणकांत हा जगात सगळ्यात जुना. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असत तसले ४८० रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारे खटके, त्यात आहेत, त्यांचाच तो खडखडाट. आणि समोर ओळीने काचेच्या नळ्या, डेकाट्रॉन नावाच्या, एकूण ८२८. प्रत्येक नळीच्या तोंडाशी दहा जागांचं एक कडं, आणि त्यावरून फिरणारा नारिंगी उजेडाचा ठिपका. ठिपका तिसऱ्या जागी असला की तीन, सातव्या जागी असला की सात. नुसत्या डोळ्यांनी आकडा वाचता येतो.

संगणक म्हणजे शून्य आणि एक, एवढं मला नातवंडांनी पढवून ठेवलंय. हा पठ्ठ्या मात्र आपल्यासारखा दहात मोजत होता. ठिपका सरकत सरकत नवावर यायचा, नवावरून शून्यावर उडी मारायचा, आणि त्याच क्षणी शेजारच्या नळीतला ठिपका एक घर पुढे. मी नकळत मोठ्याने म्हणालो, ‘हातचा एक!’

भाचीची मुलगी दचकली. ‘काय झालं, मामाआजोबा?’ हातचा म्हणजे काय हे तिला सांगायला गेलो. दोन मिनिटं बोटं नाचवली आणि मग सरळ त्या नळ्यांकडे बोट दाखवलं.

घाईचं काम मात्र त्याला जमायचं नाही. एका गुणाकाराला दहा सेकंदांपर्यंत वेळ. त्या काळी हार्वेलमधले एक गणिती, फॉसी, हाताने चालवायचं हिशेबाचं यंत्र घेऊन याच्याशी शर्यतीला बसले होते. अर्धा तास त्यांनी बरोबरी राखली, मग दमून उठले. यंत्र चालूच. मला ते फॉसी फार आपले वाटले. ३१ डिसेंबरच्या क्लोजिंगला रात्री अकरा वाजता आमची हीच गत व्हायची. बॅलन्समध्ये त्रेसष्ट पैशांचा फरक, आणि मग कुणीतरी म्हणायचं, ‘नवाने भाग जातोय का बघा.’ गेला, तर कुणीतरी कुठेतरी आकड्यांची अदलाबदल केली असण्याची दाट शक्यता, ८१ चे १८ केलेले. मग शोधा.

हार्वेलला असंच कंटाळवाणं, तासन् तास चालणारं हिशेबाचं काम माणसांच्या डोक्यावरून उतरावं म्हणूनच हे यंत्र बांधलं. रात्रंदिवस एकटं सोडलं तरी ते चालायचं. हुकूम कागदी फितीवर भोकं पाडून द्यायचे. तेच गणित पुन्हा पुन्हा करायचं असेल तर फितीची दोन टोकं चिकटवून कडं करायचं. ‘लूप’ म्हणतात ते हे, अक्षरशः डिंकाने चिकटवलेलं.

१९५७ साली हार्वेलला त्याची गरज उरली नाही, तेव्हा स्पर्धा घेऊन ते वुल्व्हरहॅम्प्टनच्या कॉलेजला दिलं. तिथे त्याच्या लांबलचक नव्या नावाची आद्याक्षरं जुळली ‘विच’ अशी, म्हणजे चेटकीण. १९७३ पर्यंत तिने पोरांना शिकवलं. पुढे बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात, आणि शेवटी सुटे भाग होऊन गोदामात. कुणाच्या तरी एका फोटोत मागे तिचं नियंत्रण-फलक दिसलं, ब्लेचलीच्या या संग्रहालयाचे विश्वस्त केव्हिन मरेल यांनी ते ओळखलं, आणि शोध लागला. तीनेक वर्षं झटून ती पुन्हा जोडली. नोव्हेंबर २०१२ मध्ये ठिपके पुन्हा फिरू लागले.

आमच्या शाखेत पहिलं लेजर पोस्टिंगचं यंत्र आलं, तेव्हा त्याचा पडदा हिरवा होता आणि आकडा एकदम उमटायचा. बेरीज कुठे झाली, हातचा कुठून आला, काही दिसायचं नाही. बरेच दिवस मी तो आकडा कागदावर ताडून बघत असे. आमचे हेडक्लार्क तर निवृत्त होईपर्यंत बघत होते.

‘मामाआजोबा, चला ना, कॅन्टीन बंद होईल.’

‘थांब जरा,’ म्हटलं. खालच्या ओळीतल्या एका नळीत ठिपका आठावर आला होता.