धाकट्याच्या प्लेटचा अहवाल

परवा रात्री धाकट्याने व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या बुलेटप्रूफ जॅकेटातल्या चिलखती प्लेटचा चाचणी अहवाल पाठवला. "ताई, पास लिहिलंय. झालं ना?" तो निमलष्करी दलात आहे आणि मी पुण्यात धातूंच्या चाचण्या करते. मी तो तीनदा वाचला.

गोळी आरपार गेली नाही, एवढ्यावर भागत नाही. चाचणीत प्लेटमागे विशिष्ट माती थापलेली असते. गोळी अडली तरी प्लेट मागे फुगते आणि मातीत खळगा पडतो. माणसाच्या बाबतीत तिथे छाती असते! अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या संस्थेच्या मानकात या खळग्याच्या खोलीची मर्यादा ४४ मिलिमीटर आहे. धाकट्याच्या तक्त्यात एका ठिकाणी ४१ होते, म्हणजे मर्यादेच्या आत, पण अगदी जवळ. ते मला टोचत राहिलं.

माती घट्ट असेल तर खळगा उथळ येतो. म्हणून आधी किलोभराहून किंचित जड पोलादी गोळा २ मीटरवरून टाकून माती तपासतात. ही नोंद अहवालात हवीच.

व्ही-५० हा आकडाही फसवतो. त्या वेगाला निम्म्या गोळ्या आरपार जाण्याची शक्यता असते, म्हणजे तो सुरक्षित वेग मुळीच नव्हे.

शिवाय गोळी लागते तिथे प्लेटमधलं सिरॅमिक तडकतं, त्यामुळे किती गोळ्या झाडल्या आणि त्यांच्यात अंतर किती होतं, हे बघावंच लागतं. जुन्या एनआयजे मानकात चौथ्या श्रेणीसाठी, म्हणजे चिलखतभेदी रायफल गोळी अडवणाऱ्या प्लेटसाठी, एका प्लेटवर एकच गोळी पुरे होती.

मी त्याच्याकडे प्लेटवरचा लॉट नंबर (उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक) मागितलाय. अहवालातला नंबर तोच आहे का, ते आधी बघू.