वडिलांच्या पेटीतील गंज

माझे वडील परळच्या एका कापड गिरणीत फिटर होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, त्या सुमारास घरी आलेली त्यांची हत्यारांची पेटी पुन्हा कधी गिरणीत गेली नाही. ती माळ्यावरच राहिली. यंदा पावसाळा सरल्यावर मी ती खाली उतरवली, तेव्हा पक्कड उघडत नव्हती, पान्यांवरचे आकडे गंजाखाली बुजले होते आणि कानशीचे दात हाताला लागत नव्हते.

लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू पुरेसे असतात. परंतु आमच्या दादरसारख्या किनाऱ्यालगतच्या वस्तीत हवेतील मिठाचीही त्यात भर पडते. मीठ ओल धरून ठेवते आणि त्या खारट ओलीत गंजण्याची क्रिया वेग घेते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पकडीचा सांधा आतून आवळला जातो. अशा सांध्यावर हातोडी चालवणे हा शुद्ध अविचार होय. मी त्यात पातळ तेल सोडून पक्कड तशीच ठेवली; तिसऱ्या दिवशी ती कुरकुरत का होईना, उघडली.

पान्यांसाठी पहिला प्रयोग व्हिनेगरचा केला आणि तो अंगाशी आला. व्हिनेगरमधील आम्ल गंज काढते हे खरे, पण गंज संपला म्हणून ते थांबत नाही. खालच्या लोखंडालाही लागते. एक लहान पाना त्यात टाकून मी विसरलो. चौथ्या दिवशी बाहेर काढला, तेव्हा तो काळाठिक्कर पडला होता आणि त्याच्या जबड्यावर बारीक खड्डे उमटले होते. ते आता कशानेही भरून येणार नाहीत.

त्यानंतर किराणा दुकानातून लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक अॅसिड आणले. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. वस्तू आधी साबणाने धुऊन तेलकटपणा घालवावा लागतो, नाहीतर आम्ल पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. दर तासाभराने पाना बाहेर काढून ब्रशने घासत राहिलो. पाणी हळूहळू पिवळसर हिरवे होत गेले आणि चौथ्या खेपेस आकड्यांशेजारी वडिलांनी पंच मारून उमटवलेला त्यांचा बिल्ला क्रमांक वर आला. कानशीला तर अनपेक्षित लाभ झाला: आम्लाने तिच्या दातांच्या बोथट कडा किंचित खाल्ल्या आणि ती पुन्हा धातू धरू लागली.

स्प्रिंग मात्र या टबात टाकू नये. आम्लातून सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तूही टाकू नयेत, कारण गंजाआधी मुलामाच विरघळतो. घरातले ब्लीच तर व्हिनेगर किंवा लिंबूफुलाच्या जवळपासही आणू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

खरी परीक्षा टबाबाहेर होते. नुकतेच उघडे पडलेले लोखंड दमट हवेत पाहता पाहता केशरी होऊ लागते, म्हणून आधी कोरडी फडकी आणि तेल हाताशी ठेवूनच पाना बाहेर काढावा. मी तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेले आम्ल मारले, स्वच्छ पाण्याने धुतला, पुसला आणि मंद आचेवरच्या जुन्या तव्यावर हात लावता येईल इतपत गरम केला. पत्नीने तव्याबद्दल जे सुनावले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. पाना गरम असतानाच त्यावर शिलाई मशीनचे तेल चोळले.

आठवड्याने पेटी उघडली. सर्व हत्यारे ठीक होती. फक्त पकडीच्या एका मुठीवर, जिथे तेल लावल्यानंतर मी घामट हाताने तिला उचलले होते, तिथे माझ्या अंगठ्याचा ठसा रेषान्‌रेषा गंजात उमटला होता. बारीक पॉलिश पेपरने तो घासून काढला आणि या वेळी तेलाचा हात फडक्यानेच फिरवला.