कॉलेजतर्फे सिंगापूरला एक्स्चेंजवर जाणाऱ्या पुढच्या बॅचसाठी

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, फुकट असतं. तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर किंवा त्यांच्या ॲपवर, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ते स्वतः भरायचं. पासपोर्ट, विमानाचा नंबर आणि राहण्याचा पत्ता हाताशी असला की दहा मिनिटांत होतं. सांगलीतल्या आमच्या ट्रॅव्हल एजंटने त्याचे माणशी पंधराशे रुपये घेतले. ‘व्हिसा, कार्ड, प्रोसेसिंग’ अशी बिलात एकच ओळ होती. फोड मागितली तर ‘सगळ्यांचं असंच असतं’ हे उत्तर मिळालं. आमच्यातल्या काहींच्या घरी या ट्रिपसाठी सोसायटीचं कर्ज काढलंय. म्हणून हे इतकं लांबण लावून लिहितोय. व्हिसा ही गोष्ट वेगळी. आपल्याला व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत काढता येतो, त्याची सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर आहे आणि त्यावर एजंटने आपली मजुरी घेतली तर ते रास्त आहे. कार्डाचा एक रुपयाही देऊ नका. नेटवर शोधलंत तर पैसे मागणाऱ्या खासगी साइट्स सरकारीसारख्याच दिसतात. ज्या पानावर पेमेंट मागतील ते बंद करा.

मुंबईपर्यंत महालक्ष्मी एक्स्प्रेसने जा. ट्रॅव्हल्सवाला ‘एअरपोर्टला सोडतो’ म्हणाला आणि आम्हाला बॅगांसकट हायवेवर उतरवलं. त्याआधी खंबाटकीच्या अलीकडे गाडी अडकली होती ते वेगळंच. रेल्वे सकाळी पोहोचते, विमान रात्रीचं असलं तर दिवस काढावा लागतो, तरी डोकं शांत राहतं. बॅग भरताना एक काम कराच: गुटखा, तंबाखूची पुडी, मिश्री, काहीही राहिलेलं नाही ना ते बघा. खाण्याच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे. व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आहे, च्युइंगम आणण्यावरही आहे. ‘चुकून राहिलं’ हे कुणी ऐकून घेत नाही.

एजंटच्या पॅकेजमध्ये सेंटोसा हे मौजमजेचं बेट होतं. छान आहे, जाऊन या. त्यापुढे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

ज्यासाठी जायचं ते साउथ ब्रिज रोडवर आहे, आणि आमच्या पॅकेजमध्ये तिथे फक्त बसमधून ‘चायनाटाउन बघा’ एवढंच होतं. तिथल्या कॉलेजच्या मुलांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी पायी नेलं. चायनाटाउनच्या मधोमध मारिअम्मन देवीचं देऊळ आहे, १८२७ सालचं. त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर तमिळ मुसलमानांची जामे मशीद, आणि पुढे २००७ मध्ये उघडलेलं बुद्धाच्या दाताचं भलंमोठं मंदिर. तिथून तेलोक आयर स्ट्रीटला चालत जा. हा रस्ता एकेकाळी समुद्रकिनारा होता, पुढे भराव घालून समुद्र लांब लोटला. जहाजातून उतरलेली माणसं पहिल्यांदा इथेच पाय टेकायची, म्हणून सुखरूप पोहोचल्याबद्दल चिन्यांनी समुद्रदेवीचं थियान हॉक केंग मंदिर बांधलं आणि नागपट्टणमकडच्या मुसलमानांनी नागोर दर्गा. दोन्ही एकाच रस्त्यावर. मिरजेच्या दर्ग्यात हिंदू घरांतली माणसं नवस बोलताना मी लहानपणापासून पाहिलीत, तरी तिथे उभं राहिल्यावर अंगावर काटा आला. अख्ख्या ट्रिपमधली ही सकाळ मी कुणालाही चुकवू देणार नाही.

एजंट म्हणतो तसं सगळं शेजारी शेजारी मात्र नाही. अंतर कमी असलं तरी हवा अशी दमट की अर्ध्या तासात शर्ट पिळून काढावा लागतो. सकाळी लवकर निघा, दुपारी एसी गाठा. नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं, तेव्हा बाटली जवळ ठेवा आणि पाण्यावर पैसे घालवू नका.

शाकाहारी मुलांनी नीट वाचा. ‘तिथे व्हेज सगळीकडे मिळतं’ हे खोटं आहे. भाजीच्या नूडल्समध्ये कालवांचा ऑयस्टर सॉस असतो, सांबाल नावाच्या चटणीत कोळंबीची पेस्ट असते, लाक्सा हे नूडल्सचं रस्सेदार सूप तर विचारूही नका. ‘नो मीट’ म्हटलं की मासा, अंडं चालतं असा अर्थ घेतात. प्रत्येक गोष्ट नाव घेऊन विचारा. हॉकर सेंटरमधले (खाण्याचे स्टॉल एका छपराखाली असतात ती जागा) चिनी शाकाहारी स्टॉल शोधा. बौद्ध रिवाजामुळे तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो, जैन मैत्रिणीचं पोट तिथेच भरलं. नाहीतर लिटल इंडियात टेक्का सेंटर किंवा सेरांगून रोडवरचं कोमला विलास. डोसा खा, मोकळे व्हा. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली असते, बसू नका. जेवल्यावर ट्रे उचलून ठेवणं सक्तीचं आहे.

बस आणि एमआरटीला (तिथली मेट्रो) आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं बँक कार्ड चालतं, पण परदेशी कार्डाला वापराच्या दिवसाचे ६० सेंट जादा लागतात. जास्त दिवस असाल तर तिथलं प्रवासाचं कार्ड घ्या. बसमधून उतरतानाही टॅप करा, नाहीतर शेवटच्या स्टॉपपर्यंतचं भाडं कापतात.

एका संध्याकाळी सोबतच्या तमिळ मुलाच्या घरी गेलो. सरकारी इमारतीतला फ्लॅट. सिंगापूरचे बहुतेक रहिवासी अशाच घरांत राहतात. मजल्यावर एक मलय घर, बाकी चिनी. हे आपोआप झालेलं नाही. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कुठल्या वंशाची किती घरं असावीत याची कमाल मर्यादा ठरलेली आहे. त्याची आई म्हणाली, याचा त्रासही होतो. चिन्यांची मर्यादा भरली असेल तर लहान समाजातल्यांना घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नाही, आणि उरलेली गिऱ्हाइकं कमी म्हणून भावही कमी मिळतो. सरकारने इतकं घरात शिरावं हे मला पटलं नाही. पण सांगलीत विश्रामबागला आडनाव ऐकून मित्राला खोली नाकारलेली मी पाहिली आहे. त्या काकूंच्या दारासमोर मलय शेजारणीची चप्पल आणि तिने पाठवलेला डबा होता, तेव्हा त्या नियमाला नुसतं वाईट म्हणायलाही जीभ रेटेना. होस्टच्या घरी बोलावलं तर पॅकेजचा कुठलाही पॉइंट सोडून जा.

देवळात, दर्ग्यात, मशिदीत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी भाजते, तर जाड मोजे पिशवीत असू द्या. काही ठिकाणी दुपारी दारं बंद असतात, सकाळीच उरकलंत तर बरं.