बाबांचा स्वेटर उसवला, आईचं जाकीट झालं

आईचा उजवा खांदा आखडला आणि डोक्यातून घालायचे कपडे बंद झाले. साताऱ्यात दिवाळी सरली की पहाटेचा वारा शालीला जुमानत नाही. श्रावणात एक दिवस तिने ट्रंकेतून बाबांचा राखाडी स्वेटर काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. "हा उसव. नुसता डांबराच्या गोळ्यांचा वास पितोय. मला पुढून बटणाचं काहीतरी करून दे, थंडीच्या आत."

स्वेटर तिनेच विणलेला, छातीवर दोन वेण्या. तिच्या हाती सुया, माझ्या हाती क्रोशे. उलट-सुलट मला कधी जमलंच नाही, त्यामुळे जे काही व्हायचं ते क्रोशाचंच होणार होतं.

याआधी एकदा मी बाजारातला विकतचा स्वेटर उसवायला घेऊन तोंडावर आपटले होते. त्याचे भाग कापडासारखे कापून ओव्हरलॉक मारलेले असतात. प्रत्येक ओळीला धागा तुटतो, हातात नुसते हातभर तुकडे येतात. हा घरचा, म्हणून मी निर्धास्त होते. शिवण म्हणून कात्री चालवली आणि दुसऱ्याच मिनिटाला पाठीचा टाका कापला. आईने कात्री काढूनच घेतली. दोन्ही भाग हलके ताणले की मधे शिडीसारखे आडवे धागे दिसतात, ती शिवण. तेवढेच सुईच्या टोकाने उचलून कापायचे. एवढं आधी विचारलं असतं तर पाठीत चार सांधे कमी पडले असते.

उसवायचं जिथे विणकाम संपलं तिथून, म्हणजे गळ्याकडून. खालून ओढत बसलं तर धागा टाक्याटाक्याला अडतो. सुरुवात सापडली की मात्र सरसर येतो. खुर्ची उलटी करून तिच्या चार पायांभोवती लड गुंडाळत गेले. लहानपणी आई लोकर आणायची तेव्हा मी दोन्ही हात पुढे करून तासभर बसायचे, खुर्चीचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. वेणीपाशी आले तर एका जागी पीळ उलटा पडलेला. एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आला नव्हता. आईला दाखवला. "माहितीये मला," ती म्हणाली, "तेव्हा चाळीस ओळी पुढे गेले होते." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते. तशीच विणली तर टाके लहानमोठे पडतात, म्हणून आधी धुवायची. लड चार ठिकाणी पांढऱ्या सुती दोऱ्याने सैल बांधली, कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून अर्धा तास बुडवून ठेवली. चोळायची नाही, पिळायची नाही, आणि खळबळायचं पाणीही कोमटच. चोळाचोळ आणि गरम-गार पाणी यांनी लोकरीचा नमदा होतो, म्हणजे ती आटून गच्च चिकटते. टॉवेलात दाबून पाणी काढलं आणि हँगरला अडकवली. पण श्रावण! पहिली लड पंख्याखाली चार दिवस दमट राहिली आणि कुबट वास धरला, पुन्हा रिठे. उरलेल्या लडी गणपती-नवरात्र झाल्यावर, उन्हं पडल्यावर गच्चीत सावलीला वाळवल्या.

दोन लडी वाळल्या तरी कुरळ्याच. हे काही कळेना. टोकाचा तुकडा काडीने पेटवून पाहिला. बाकीच्या लोकरीला जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरडली गेली; या तुकड्याचा वितळून काळा कडक मणी झाला. म्हणजे ॲक्रिलिक. "हां, ते कफ आणि खालची पट्टी," आई म्हणाली. "झिजले तेव्हा कापून नवे विणले होते. रंग जुळला म्हणून घेतली ती लोकर." ॲक्रिलिक पाण्याने सरळ होत नाही, वाफ लागते. मी इस्त्रीची वाफ जरा जास्तच दिली. धागा लुळा पडला, चकाकायला लागला, त्यातली फूग गेली ती गेलीच. ते प्रकरण तिथेच संपवलं.

मूळ स्वेटर 480 ग्रॅम. ॲक्रिलिकचे 55 गेले, कसरीने खाल्लेले तुकडे 15. हातात 410. साडेचार मिलिमीटरच्या क्रोशाने खांबांचा, म्हणजे क्रोशाच्या उंच उभ्या टाक्यांचा, 10 सेंटिमीटरचा चौकोन विणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, 6 ग्रॅम भरला. क्रोशाला सुयांपेक्षा लोकर जास्त लागते हे ऐकून होते, पण हिशेब मांडला तेव्हा धडकीच भरली: पूर्ण बाह्यांच्या जाकिटाला 500 च्या वर हवी. नवी लोकर आणून जोडावी तर हा विटका राखाडी कुठून मिळणार? बाह्या कोपरापर्यंत ठरल्या.

मग गळ्यापासून खाली विणायला घेतलं. म्हणजे मधेच आईच्या अंगावर घालून बघता येतं आणि लोकर संपेल तिथे थांबता येतं. बटणपट्टीचे 25 ग्रॅम आधीच वेगळे पिशवीत टाकले, बाह्या आधी उरकल्या, उंची शेवटी. काखेतली लोकर जास्त विटली होती, म्हणून दोन गुंडे घेऊन दोन-दोन ओळी आलटून पालटून विणल्या. पट्टा दिसत नाही. तुटके धागे जोडायला आईने गाठ घालू दिली नाही. दोन्ही टोकं उकलायची, एकमेकांत घालायची, ओलं करून तळहातावर जोरात चोळायचं. ओलं करायला तिची पसंती थुंकीला, माझी वाटीतल्या पाण्याला. खऱ्या लोकरीचेच धागे असे एकजीव होतात, ॲक्रिलिकचे नाहीत.

जाकिटाच्या अंगात ओळीला एकशे चाळीस खांब, म्हणजे एका ओळीला साडेसात ग्रॅम लोकर. शेवटी शेवटी प्रत्येक ओळीनंतर गुंडा काट्यावर. बटणं मोती चौकातून आणली, मोठी, लाकडी, आखडलेल्या हातालाही लावता येतील अशी.

नोव्हेंबरच्या शेवटी आईने घातलं. एक हात आत, मग दुसरा, खांदा वर न करता. बाहीचा काठ बोटाने चाचपला, "जाळी जास्त आहे, वारा लागेल," म्हणाली, आणि तशीच दूध घ्यायला खाली गेली.

13 ग्रॅमचा गुंडा उरला. मी त्याचं फूल करून खिशाला लावणार होते. तिने तो उचलून डांबराच्या गोळीसकट डब्यात टाकला. "कोपर झिजलं की लागेल."