३७ अंशांवरचा स्वच्छ रिपोर्ट

गार चिकनच्या पाकिटावर सात दिवसांची मुदत, आणि पाचव्या दिवशी उघडलं तर वास, वर बुळबुळीत थर. अशी तक्रार आली की सगळे आधी कामगारांच्या हातांकडे बघतात. आमच्या चिकन प्रक्रियेच्या कारखान्यातही तेच झालं. हात, सुऱ्या, बेल्ट, सगळ्यांचे स्वॅब (बोळ्याने पुसून घेतलेले जंतूंचे नमुने) चांगले आले. चिलरमधून निघणारा माल ४ अंशांखाली. हवेतल्या जंतूंचा रिपोर्ट तर बाहेरच्या लॅबचा, शिक्क्यासकट ‘समाधानकारक’.

तो नीट वाचला. हवेतले जंतू पडावेत म्हणून जेलीच्या प्लेट उघड्या ठेवतात आणि मग उबेत वाढवून मोजतात; या प्लेट ३७ अंशांवर ठेवलेल्या. थंडीत मांस नासवणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंपैकी बरेचसे त्या तापमानाला धड वाढतच नाहीत. शिवाय प्लेट उघडल्या होत्या सकाळी, हॉल रिकामा असताना. ऑडिटला कागद लागतो, तो मिळत होता.

मग शिफ्ट चालू असताना अगरच्या, म्हणजे त्या जेलीच्या, ९० मिलिमीटरच्या प्लेट मांडल्या: पिसं काढायच्या विभागाच्या दाराशी, बेल्टच्या कडेला आणि छतावरच्या कूलरखाली. पंधरा मिनिटं उघडी, झाकली की लगेच दुसरी. वेळ प्लेटच्या तळावर लिहायची. झाकणावर लिहिली की झाकणं अदलाबदल होतात आणि सगळं मुसळ केरात. नंतर २५ अंशांवर तीन दिवस.

दाराजवळच्या प्लेटवर कॉलन्या (वाढलेल्या जंतूंचे ठिपके) होत्याच. कूलरखालच्या मात्र बहुतेक विरळ आणि मधूनच एखादी गच्च. वेळा जुळवल्या तर प्रत्येक गच्च प्लेट डीफ्रॉस्टनंतरची.

डीफ्रॉस्टमध्ये पंखे थांबतात, हीटर कॉइलवरचा (कूलरच्या थंड नळ्यांवरचा) बर्फ वितळवतो, पाणी ट्रेमधून पाइपने बाहेर जातं. हीटर बंद झाल्यावर कॉइल निथळू द्यायची, मग गार करून उरलेले थेंब तिच्यावरच गोठवायचे, आणि नंतर पंखा. आमच्या टायमरमध्ये या दोन्ही वेळा शून्य! वर ट्रेचा पाइप तुंबलेला, तळाशी करडा चिकट थर. पंखा सुरू झाला की ते पाणी तुषार होऊन थेट बेल्टवर. मेंटेनन्सवाल्यांचं म्हणणं, पंखा उशिरा लावला तर हॉलचं तापमान १२ च्या वर जातं आणि बोलणी आम्ही खातो. खोटं नाही ते.

ट्रे उतरवून घासला, फोम आणि सॅनिटायझर मारला, पाइपला उतार दिला, टायमर बदलला, डीफ्रॉस्ट जेवणाच्या सुट्टीत नेला. त्याच आठवड्यात माल उघडा असताना गटाराच्या जाळीवर प्रेशर होज मारणंही बंद केलं. त्या फवाऱ्याने गटारातले जंतू बारीक थेंबांसोबत हवेत उडतात आणि बराच वेळ तरंगतात. पाकिटं आता सात दिवस टिकतात. पण दोन्ही एकदम केल्यामुळे कूलरचा वाटा किती आणि होजचा किती, हे सांगता येत नाही, आणि वरिष्ठांना नेमका तोच आकडा हवा आहे.

दाराचं तर बाकीच आहे. चौकटीला टिश्यूची पट्टी लावली तर ती आत, पॅकिंगच्या बाजूला उडते. हवा उलटी, स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे जायला हवी. पॅकिंग हॉलचा एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी गाळलेली हवा आत सोडणारी यंत्रणाच नाही. त्याचं कोटेशन मंजुरीसाठी पडून आहे.