शेऱ्याची ओळ

वीर्याच्या रिपोर्टवर सगळे आकडेच बघतात. काउंट (शुक्राणूंची संख्या) चांगला, मोटिलिटी (हलणारे शुक्राणू) ५५ टक्के, की नवरा सुटला. वर्षभरापूर्वी मूल होत नाही म्हणून आलेल्या एका जोडप्याचा असा एक रिपोर्ट मीच केला होता. शेऱ्यात 'अ‍ॅग्लुटिनेशन' लिहिलं होतं, म्हणजे शुक्राणू एकमेकांना चिकटलेले. तो शेरा कुणी वाचलाच नाही.

परवा तेच जोडपं परत आलं. बाईंच्या हातावर सुयांचे काळेनिळे डाग. रक्तातल्या एनके पेशी (शरीराच्या रक्षक पेशी) जास्त निघाल्या म्हणून त्यांना इन्ट्रालिपिडचं, म्हणजे तेलाच्या मिश्रणाचं, दुधासारखं पांढरं सलाईन चार वेळा लावलं होतं. रक्तातल्या एनके पेशींवरून गर्भाशयात काय चाललंय ते कळत नाही, तरी ही तपासणी सर्रास लिहून दिली जाते. मला याची चीड येते.

नमुना काचेवर घेतला. शुक्राणू चपळ होते, पण शेपट्या एकमेकींत अडकलेल्या. पाच-सहाचे पुंजके जागच्या जागी थरथरत होते. मार (MAR) टेस्ट लावली, म्हणजे शरीराने शुक्राणूंविरुद्ध तयार केलेली अ‍ॅन्टिबॉडी त्यांना चिकटली आहे का ते बघितलं. यात वीर्याच्या थेंबात आयजीजी या अ‍ॅन्टिबॉडीचा लेप दिलेले लॅटेक्सचे बारीक मणी आणि आयजीजीला पकडणारं अ‍ॅन्टिसीरम मिसळतात. शुक्राणूवर अ‍ॅन्टिबॉडी असेल तर मणी चिकटतो आणि शुक्राणू तो ओढत पोहतो. ३ मिनिटांनी बघायचं, १० मिनिटांनी पुन्हा. मोजायचे ते फक्त पोहणारे, आणि मणी आपसात गुंतले म्हणून तो निकाल धरायचा नाही. घाईत इथेच चूक होते. ५० टक्क्यांपुढे गेलं की प्रकरण गंभीर. इथे २०० पैकी १७४ शुक्राणूंना मणी लागले होते.

"पूर्वी कधी मार लागला होता? ऑपरेशन?" मी नवऱ्याला विचारलं.

"चौदाव्या वर्षी अंडकोशाला पीळ पडला होता." तेवढ्यावरून अ‍ॅन्टिबॉडीचं कारण पक्कं होत नाही, पण हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"धुऊन निघत नाही का हे?" बाईंनी विचारलं. चिकटलेली अ‍ॅन्टिबॉडी धुऊन सुटत नाही. पूर्वी स्टेरॉइड देत; गुण येईलच असं नाही, आणि खुब्याचं हाड निकामी व्हायची भीती. आययूआय (तयार केलेलं वीर्य नळीने गर्भाशयात सोडणं) करून बघता येतं, पण एवढ्या प्रमाणाला इक्सीच बरं. १९९२ मध्ये त्याने पहिली मुलं झाली. सुईने एक शुक्राणू थेट अंड्यात सोडतात, त्यामुळे अंड्याचं कवच भेदण्याचा प्रश्नच उरत नाही. निर्णय डॉक्टरांचा, पण मी एवढं सांगितलं.

"म्हणजे ती सलाईनं माझ्यासाठी नव्हतीच?" त्या म्हणाल्या.

ते गेल्यावर मी जुना रिपोर्ट काढला. शेरा होता, शेवटच्या ओळीत. 'मार टेस्ट करावी' असं त्यात कुठेच नव्हतं. खाली सही माझी.