रोझेटमागची वायर

आमच्या घरात नेट गेलंय हे बघायला मॉडेमकडे मान वळवायची गरजच नसायची, स्वयंपाकघरातनं आईचा "हां, बोल गं" असा आवाज आला की समजायचं, गेलं. पलीकडे निपाणीची मावशी. मी इकडनं ओरडायची, "आई ठेव की आता फोन, फॉर्म भरायलोय ना!" आणि ती बिचारी दोन मिनिटांत ठेवायची. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. आता लिहिताना लाज वाटतीय, पण चाललं.

बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर, गल्लीत फायबर आलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. तांब्याची लाइन, प्लॅन २ एमबीपीएसचा, मिळायचं त्याच्या निम्मं पण नाही. दोष अर्थात कंपनीचा, त्यात काय विचारायचं. बिल कन्नडमध्ये, एसएमएस इंग्लिशमध्ये आणि आमच्या शिव्या मराठीत. तक्रारीवर तक्रार केल्यावर एकदा लाइनमनकाका आले, खांबावरच्या डब्याला आपला टेस्टिंगचा फोन लावून ऐकलं, "लाइन छलो ऐत्री", म्हणजे लाइन चांगली आहे, म्हणाले, चहा घेतला आणि गेले. बाबांनी निष्कर्ष काढला, सगळे सामील आहेत.

मग आमच्या बॅचची टेलिकॉमवाली एक मैत्रीण म्हणाली, अगं आधी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१, म्हणजे मॉडेमचं पान, उघडून एसएनआर मार्जिन बघ की. म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती शिल्लक आहे त्याचा आकडा, डेसिबलमध्ये, ६ च्या खाली उतरला की लाइन डळमळायला लागते. आमचा ९. बरं म्हटलं, एवढा काय वाईट नाही. तेवढ्यात आईनं फोन उचलला आणि आकडा धाडकन ४, मॉडेमचा दिवा लुकलुकायला लागला. लाइनमनकाका खरंच बोलले होते की! खांबापर्यंत सगळं छलोच होतं. बिघाड उंबऱ्याच्या आत.

त्याचं असं असतं. एकाच तारेच्या जोडीतनं बोलणं पण जातं आणि नेट पण. बोलणं खाली, साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंत, आणि नेट त्याच्या वर, २५ पासनं थेट ११०० पर्यंत. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं, मधल्या जिन्याला दार, ते दार म्हणजे स्प्लिटर किंवा फिल्टर. ज्या फोनला ते नाही तो नेटचा सिग्नल थोडा गिळतो, आणि उचलला की अजूनच गोंधळ घालतो. आमच्याकडे स्प्लिटर होता, पण बाहेरच्या खोलीतल्या फोनपुरता. स्वयंपाकघरातला फोन सरळ पॅरलल मारलेला, म्हणजे स्प्लिटर सोडून मूळ तारेलाच जोडलेला, कारण भाकरी थापताना आईला बाहेर पळत यायला लागू नये म्हणून बाबांनी कधीतरी अर्ध्या तासात तो जोडून दिलेला.

आणि तिसरी वायर. ती कुणाच्या ध्यानातच नव्हती. रोझेट, म्हणजे भिंतीवरची फोनच्या तारा जोडायची डबी, उघडलं तर आत दोनाऐवजी तीन जोड्या, त्यातली एक भिंतीवरच्या रंगाखालनं वर माळ्यावरच्या खोलीत गेलेली. आजोबांच्या खाटेजवळ फोन होता ना! आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, फोन काढला, खाट काढली, वायर तशीच, कपाटामागं दोन उघडी टोकं घेऊन लटकलेली. अशी मोकळी वायर म्हणजे एरियलच, सिग्नल तिच्या टोकापर्यंत जातो आणि उलटा फिरून येतो, शिवाय बाहेरचं काहीबाही पकडते ते वेगळंच. गंमत म्हणजे त्याच खोलीत आजोबा रेडिओवर धारवाड लावायचे, मिडियम वेव्ह ७६५ किलोहर्ट्झ, आणि तो आकडा नेटच्या पट्ट्यात बरोब्बर मध्ये बसतो.

जोड तर विचारू नका. तारा पिळून वर सेलोटेप, आपल्याकडच्या पावसात जून ते सप्टेंबर भिंतीला ओल, तांब्यावर हिरवं कीट चढलेलं. ते खरवडत होते आणि नेमकी मावशीची रिंग आली. रिंगच्या वेळी त्या तारेत ७०-७५ व्होल्ट असतात हे मला त्या दिवशी बोटातनं कळलं. आई धावत, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही, मावशी आलीय.

उपाय म्हणावा तर दहा मिनिटांचा. आजोबांची जोडी रोझेटमधनंच सोडवली (कापायचं धाडस झालं नाही, नुसती सोडवली, वायर अजून भिंतीतच आहे), जोड साफ करून घट्ट केले, आणि स्प्लिटर सगळ्यात आधी, लाइन घरात शिरते तिथंच बसवला. त्याच्या एका तोंडातनं मॉडेम सरळ, दुसऱ्या तोंडातनं दोन्ही फोन. आकडा १३ वर गेला. बाबांना दाखवलं तर म्हणाले, कंपनीनं वाढवला असेल, तक्रारींचा परिणाम.

रात्री आईनं आपणहून मावशीला फोन लावला. मी मॉडेमचं पान उघडून बसले, १३, १२, १३, तिकडं मावशीच्या नणंदेच्या मुलीचं लग्न, हॉल कुठला, साड्या कुठल्या, सगळं सविस्तर चाललेलं. वीसेक मिनिटं झाल्यावर आईचा आवाज एकदम थांबला. बघते तर रिसीव्हरवर हात ठेवून दारातनं विचारतीय, "चाललंय न्हवं तुझं? का ठेवू?"